सदतीस पुस्तकं आणि एक पायमोजा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मंजुश्रीला अकरा मिनिटं मोकळी मिळाली, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

अडीच वर्षांचा चन्नू झोपला होता. सासूबाई शिवम्मा बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा उमाशंकर रेल्वेच्या ऑफिसात होता. कुकर झाला होता, कपडे वाळत होते आणि चक्क कोणीही 'आई' म्हणून हाक मारत नव्हतं. अशा वेळी शहाणी बाई डोळे मिटून पडते. मंजुश्रीनं मोबाइल उघडला.

कॉलनीतल्या वाचनालयाच्या ग्रुपवर जो तो वर्षभरात काय काय वाचलं ते लिहीत होता. कोणाची बारा पुस्तकं, कोणाची वीस. मंजुश्रीनं वाचनालयाचं कार्ड काढलं, त्यावरच्या तारखा बोटानं मोजल्या आणि लिहिलं, 'यंदा मी सदतीस पुस्तकं वाचली.'

(खरं म्हणजे 'घरी आणली' असं लिहायला हवं होतं. पण सगळे 'वाचली' लिहीत असताना एकटीनंच 'आणली' लिहिणं बरं दिसलं नसतं.)

पुस्तकं ती मनापासून आणायची. लग्नाआधी लातूरला हॉस्टेलवर असताना कादंबरी हातात आली की जिचं मेसचं जेवण गार व्हायचं, ती पोरगी हीच. नांदेडला आल्यावर, चन्नू झाल्यावर, पुस्तक उघडण्यापर्यंतचा भाग तसाच राहिला. पुढचा तेवढा बदलला. पहिलं पान, दुसरं पान, तिसऱ्या पानावर कोणाचा तरी खून होणार एवढ्यात "आई!" मग हाताशी लागेल ती वस्तू पानात घालायची, पुस्तक मिटायचं आणि पळायचं. आठ दिवस असे गेले की पुस्तक परत, आणि 'हे मात्र पूर्ण वाचायचंच' म्हणून दुसरं घरी.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ते तिथंच थांबलं असतं, पण ती आकडा शिवम्मांना सांगून बसली. शिवम्मांची शाळा उदगीरला चौथीत सुटली होती. पुस्तकाला चुकून पाय लागला तर त्या पुस्तकाला नमस्कार करत आणि पायाला शिव्या देत. त्यांनी लगेच उदगीरला बहिणीला फोन लावला.

"सदतीस! हाव, आमच्या मंजूनं. लेकरू सांभाळून! मीच म्हनायची, तू वाच गं, मी बघते त्याला. लई वाचती पोरगी, लई."

मंजुश्री शेंगा सोलू लागली. (टरफलं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात जात होते, हे नंतर कळलं.)

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या सुमनबाईंचा फोन आला. "रविवारी आपला वार्षिक मेळावा आहे. यंदा तुम्ही बोलायचं, मंजुश्रीताई. विषय 'माझं वर्षभराचं वाचन'. दहा मिनिटं."

"मी? अहो, माझं एवढं काही..."

"सदतीस म्हणजे काय थोडं झालं? नाव छापायला दिलंय."

छापायला दिल्यावर माणूस काय करणार!

शनिवारी दुसरं संकट आलं. चन्नूच्या नर्सरी प्रवेशाचा सोमवार हा शेवटचा दिवस होता, आणि फॉर्मसोबत लसीकरणाचं कार्ड हवं होतं, तेही मूळ. कार्ड कपाटात नव्हतं. फाइलीत नव्हतं. डाळीच्या डब्यात नव्हतं. (डाळीच्या डब्यात का शोधलं, हे विचारू नये. बाई घाबरली की डबे उघडते.) डॉक्टर म्हणाले, दुसरं करून देऊ, पण जुन्या नोंदी काढायला आठवडा लागेल.

"काय धुंडून राहिलीस सकाळधरनं?" शिवम्मांनी विचारलं.

"चन्नूचं कार्ड, अव्वा. सुरक्षित जागी ठेवलं होतं मी."

"सुरक्षित ठिवलीस? मग न्हाई सापडायचं आता."

चन्नूच्या अंगाला साबण लावताना तिला एकदम आठवलं. ऑक्टोबर. डॉक्टरांचा दवाखाना. हातात कार्ड, मांडीवर चन्नू, त्याच्यावर कादंबरी. नंबर पुकारला गेला आणि... तिनं तसाच साबणाच्या हातानं सुमनबाईंना फोन लावला.

"बाई, परत आलेल्या पुस्तकात कधी काही सापडतं का हो?"

"सापडतं की! सगळं जपून ठेवते मी. उद्या खूणपेटी उघडायचीच आहे, तेव्हा बघा."

"खूणपेटी म्हणजे?"

"तुम्ही याच वर्षी सभासद झालात नाही का! आमची पद्धत आहे ती. या उद्या, कळेल. मंडपवाला आलाय." फोन बंद.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत इरकल नेसलेल्या शिवम्मा, मांडीवर चन्नू. मागे दाराशी उमाशंकर. मंजुश्री दहा मिनिटं बोलली. पुस्तकांच्या मागच्या कव्हरावर जेवढा मजकूर असतो, तेवढ्यावर एवढं बोलता येतं हे तिला स्वतःलाच नवीन होतं. 'मानवी मनाचा ठाव घेणारी' हे ती चार पुस्तकांबद्दल म्हणाली. टाळ्या पडल्या. शिवम्मांनी शेजारच्या बाईला सांगितलं, "माझी सून." शेजारच्या बाई म्हणाल्या, "हो, मघाशीच सांगितलंत तुम्ही." मग शिवम्मांनी पलीकडच्या बाईला सांगितलं.

मंजुश्री घाम पुसत स्टेजवरच्या खुर्चीत बसली. सुमनबाईंनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"ही आपली खूणपेटी. वाचकांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेल्या आणि विसरलेल्या वस्तू. कोणत्या पानावर सापडली ते मी चिठ्ठीवर लिहून ठेवते, म्हणजे राहिलेलं पुढं वाचता येतं. नाव असलं तरी मी वाचून दाखवत नाही, ज्याची त्यानं ओळखून न्यावी. न नेलेलं उद्या सकाळी घंटागाडीत."

पहिलं मोरपीस निघालं. पान एकशे ऐंशी. गणिताचे निवृत्त शिक्षक वीरण्णा सर ऐटीत उठून ते घेऊन गेले.

"हळदीकुंकवाचं आमंत्रण. पान चौदा."

कोणी उठलं नाही. मंजुश्रीला ते आमंत्रण ओळखीचं वाटलं. मग फारच ओळखीचं वाटलं.

"ओआरएसचं रिकामं पाकीट. पान नऊ."

मंजुश्री पंख्याकडे बघू लागली.

"खिशातला कंगवा. पान सतरा."

दाराशी उमाशंकरचा हात आधी खिशाकडे गेला, मग केसांकडे. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. (तीन महिने तो ऑफिसातल्या एका गरीब सहकाऱ्यावर संशय घेत होता. त्या सहकाऱ्याला टक्कल होतं, तरीही.)

"लहान मुलाचा पायमोजा. एकच. निळा. पान सहा."

हॉल हसला. "सहा पानांतच दमली बाई!" वीरण्णा सर म्हणाले. पुन्हा हशा. मंजुश्रीही हसली. जरा जास्तच मोठ्यानं हसली. सगळ्यात मोठ्यानं मात्र शिवम्मा हसल्या.

"कोन बाई असंल ती! आमच्या मंजूकडं चार दिस धाडा म्हनावं शिकायला!"

मंजुश्रीला वाटलं, स्टेजखाली जी पोकळ जागा असते तिथं चन्नूला घेऊन राहता येईल का?

"आणि हे," सुमनबाई म्हणाल्या, "लसीकरणाचं कार्ड. पान आठ."

शिवम्मांचं हसू मध्येच थांबलं.

सुमनबाईंनी कोणी उठतंय का ते पाहिलं आणि त्या कार्ड घंटागाडीच्या ढिगावर ठेवू लागल्या. मंजुश्रीच्या डोक्यात एकाच वेळी बरंच काही चाललं. नंतर गुपचूप मागून घेऊ. पण नंतर गर्दी असेल. उमाशंकरला डोळ्यानं खुणावू. पण त्याला लग्नापासून एकही खूण कळलेली नाही. आणि कार्ड गेलं तर चन्नूचं वर्ष गेलं.

ती उठली.

"माझं आहे ते." मग म्हणाली, "पायमोजा पण. ते पाकीट पण. आमंत्रण माझंच, आणि कंगवा यांचा आहे."

वीरण्णा सरांनी मोरपीस खाली ठेवलं.

"म्हणजे ती सदतीस..." वीरण्णा सर चाचरले.

"आणली, सर. वाचली नाहीत. सगळ्यात लांब गेले ते पान एकवीसपर्यंत. मघाचं भाषण कव्हरावरचं होतं."

ती सरांना सांगत होती, पण बघत होती शिवम्मांकडे. 'तू वाच, मी बघते' म्हणत त्या गुडघे धरून चन्नूमागे जिने चढल्या-उतरल्या होत्या. आता काय बोलतील? घरी गेल्यावर बोलतील की इथंच?

शिवम्मा उठल्या. चन्नूला कडेवर घेऊन, गुडघ्यावर हात देत स्टेजवर आल्या. टेबलावरचं पाकीट उचलून त्यांनी उलटंपालटं केलं.

"हे सरावनातलं. लेकराला जुलाब लागले तवाचं. तीन दिस तू खाली बूड टेकलं न्हाईस."

"हाव, अव्वा."

"आन त्यातबी नऊ पानं वाचलीस?"

"नववं अर्धंच झालं होतं."

शिवम्मा लोकांकडे वळल्या. "मग हसताव कशाला? नऊ हितली, सहा मोज्यातली, आठ कार्डातली, सतरा कंगव्यातली. जोडा की! मास्तर, तुमी गनिताचे ना? सांगा, एक तरी बुक झालं का न्हाई?"

वीरण्णा सरांनी खिशातून पेन काढलं. गणित समोर आलं की त्यांना हसणं सुचत नसे. "सरासरी अकरा पानं धरू. सदतीस गुणिले अकरा... चारशे सात." त्यांनी वर पाहिलं. "बऱ्यापैकी जाड अशी दोन पुस्तकं होतात."

"दोन!" सुमनबाईंनी माइकवर जाहीर केलं, आणि मघाच्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेतून कमरुन्निसा उठली. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करते ती. हळूच म्हणाली, "बाई, ती मापाची टेप पान पाचवर निघाली असेल तर माझी आहे." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. उमाशंकर कंगवा घ्यायला आला आणि तिथंच भांग पाडून गेला.

घरी जाताना शिवम्मांनी ऑटोतूनच उदगीरला फोन लावला.

"अगं, ते सदतीस न्हाई बरं का. दोन. हाव, दोनच. पर दोन्ही लई जाड हायेत."

सोमवारी सकाळी तिघं नर्सरीत पोचले. मंजुश्री, शिवम्मा आणि चन्नू. टेबलावर फॉर्म, फॉर्मवर कार्ड. 'आईचा छंद' या रकान्यापाशी मंजुश्रीचं पेन थोडा वेळ रेंगाळलं, मग तिनं धीर करून 'वाचन' लिहिलं.

"अरे वा!" प्रवेश देणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी चन्नूपुढे चित्रांचं एक पुस्तक ठेवलं. "मग बाळ, आई कशी वाचते? दाखव बघू."

चन्नूनं मांडी घातली. पहिलं पान उघडलं. त्यावर बोट ठेवून, भुवया आक्रसून, अगदी गंभीरपणे दोन सेकंद ओठ हलवले. मग स्वतःच जोरात ओरडला, "आई!" टेबलावरचं कार्ड उचलून पानात घातलं, पुस्तक धाडकन मिटलं आणि हात झटकले.

"झालं."

बाई इतक्या हसल्या की त्यांनी डोळे पुसतच फॉर्मवर शिक्का मारला. मंजुश्रीनं लालबुंद तोंडानं ते पुस्तक त्याच्यापुढून उचललं, मागच्या फळीवरच्या शंभर पुस्तकांत खुपसलं, आणि मुलाला उचलून जी बाहेर पडली ती थेट ऑटोत बसली.

ऑटो नाक्यावर आला तेव्हा शिवम्मांनी विचारलं, "मंजू, कार्ड कुठं हाय गं?"

मंजुश्रीनं ऑटोवाल्याला गाडी वळवायला सांगितली.

"सुरक्षित आहे, अव्वा," ती म्हणाली. "पान एक."