दोन दिवस भिजवलेली डाळ

वडनेर भोलजीच्या गुलाबरावांनी फोनवर एक भाकर जास्तीची सांगितली. एवढंच. एका भाकरीनं कोणाचं काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. (माणूस चौऱ्याऐंशी वर्षांचा झाला म्हणून शहाणा होतो असं नाही. चुका करायला त्याला वेळ मात्र भरपूर असतो.)

झालं असं, की म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करायला एका कॉलेजची मंडळी गावात आली. ऐंशीच्या पुढचे सगळे त्यांनी समाजमंदिरात बसवले आणि एकेकाला नळी देऊन तीत थुंकायला लावलं. थुंकण्याला एवढी इज्जत गावात आधी कधी मिळाली नव्हती. मग महामाया नावाची मुलगी वही घेऊन गुलाबरावांसमोर बसली.

"आजोबा, तुमचे वडील किती वर्षं जगले?"

"सत्त्याण्णव."

"बघा! बियाणं घराण्यातून येतं. पण नुसत्या बियाण्यावर पीक येत नाही ना? खतपाणी लागतं. ते तुमच्या ताटात. दोन्ही मिळून म्हातारपण किती लांबवतात, ते आम्हाला बघायचंय. मी पंधरा दिवस रोज संध्याकाळी फोन करीन. काय खाल्लं ते सांगायचं."

गुलाबरावांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. बापाचं बियाणं खरंच उतरलं असेल, तर अजून तेरा वर्षं. तेरा वर्षं एकट्यानं जेवायचं.

बायको जनकाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा प्रसेनजित पुण्याला. त्याचा फोन रविवारी यायचा, "गोळी घेतली का?" एवढ्यापुरता.

पहिल्या संध्याकाळी महामायाचा फोन आला.

"जेवलात का, आजोबा?"

हा प्रश्न त्या घरात किती दिवसांनी आला होता! गुलाबराव म्हणाले, "हाव. चहा अन् टोस्ट."

"आणखी?"

"बस."

फोन संपला. दुसऱ्या दिवशी शेजारचे शंकरराव ओट्यावर येऊन बसले. त्यांनीही नळीत थुंकलं होतं.

"माहा फोन वीस मिनिटं चालला बे. सुनेनं काय काय केलं ते सांगू सांगू तोंड दुखलं."

"माहा अर्ध्या मिनटात आटपला."

"मंग? टोस्टावर ते पोरगी किती बोलन?"

म्हणून त्या संध्याकाळी ती भाकर. आता कोरडी भाकर कोण खातं? सोबत वांग्याचं भरीत सांगितलं. तीन मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिवशी आंबाडीची भाजी, पाच मिनिटं. सगळं जनकाबाईच्या हातचं. दुपारभर गुलाबराव आठवत बसायचे, ती काय काय करायची. आणि भरताची चव वर्णन करताना टोस्टाचा कुडुमकुडुम आवाज जाऊ नये म्हणून तो आधी चहात बुडवून मऊ करून घ्यायचे.

आठव्या दिवशी त्यांनी फुनके सांगितले. तुरीची डाळ भिजवून, वाटून, वाफवलेले मुटके, वर कढी.

"डाळ किती वेळ भिजवता?" महामायानं विचारलं.

आता आली का पंचाईत! जन्मभर फुनके खाल्ले, पण डाळ किती भिजते हे बघायला ते कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते.

"दोन दिवस," त्यांनी ठोकून दिलं.

"दोन दिवस? या उन्हात? आंबेल ना!"

"आंबलीच पाह्यजे. माह्या बापालेही तसेच लागत."

दुसऱ्या दिवशी फोनवर ती आनंदानं नाचतच होती. "आजोबा, सर म्हणतात, घराण्याचं असं बियाणं आणि वर आंबवलेली डाळ! असा माणूस मिळालाच नव्हता. रविवारी मी येते. तुम्ही फुनके करा, मी वजन करून नमुना नेते."

खोटं उघडं पडलं तर फोन बंद. फोन बंद म्हणजे संध्याकाळ पुन्हा पहिल्यासारखी लांबच लांब. गुलाबरावांनी शुक्रवारी डाळ भिजत घातली. शनिवारी फेसानं झाकण उचललं. रविवारी पातेलं आपलं आपण बोलायला लागलं. मिक्सरचं झाकण धरायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. डाळ वर पंख्यावर गेली, आणि पंखा चालू होता.

शंकरराव नाकाला रुमाल लावून दारात आले. "घरात काय मेलं बे?"

"गप. सैपाक हाय."

"हा सैपाक? कोणासाठी?"

"अभ्यासासाठी."

तेवढ्यात महामाया आली. "जय भीम, आजोबा," म्हणाली आणि उंबऱ्यातच थबकली. मग धीर करून आत येऊन तिनं वजनकाटा मांडला, तोच पंख्यावरचा एक गोळा बरोबर त्यावर पडला.

"बावीस ग्रॅम," सवयीनं तिच्या तोंडून निघालं. मग म्हणाली, "आजोबा, खरं सांगा."

"हे सारं जनकाचं होतं, बाई. मले चहाबी धड येत नाही."

"मग एवढे दिवस काय खाल्लं?"

"टोस्ट."

"दहा दिवस?"

"सहा वर्षं."

महामायानं शंकररावांकडून पीठ मागवलं. ओढणी कमरेला खोचून तिनं झुणका टाकला, भाकरी थापल्या. दोघं समोरासमोर बसून जेवली. गुलाबरावांनी अडीच भाकरी खाल्ल्या. वजन करायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

जाताना म्हणाली, "तुमचे सगळे दिवस खोडावे लागतील. पहिल्यापासून पुन्हा पंधरा."

"पुन्हा? रोज फोन?" म्हाताऱ्याचं तोंड उजळलं.

"हो. पण मी आता मेहकरकडच्या गावांत चालले. फोन कम्प्युटरवरून येईल. खरं सांगायचं हं!"

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला.

"नमस्कार. आपण आज जेवलात का? हो असल्यास एक दाबा."

"हाव ना बाई. भाकर केली म्या. एका अंगानं कच्ची राह्यली, पण..."

"नाही असल्यास दोन दाबा. प्रश्न पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा."

गुलाबरावांनी जरा विचार केला आणि नऊ दाबला. बाईनं तेवढ्याच अगत्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला. एक घास, एक नऊ. असं रोज, भाकर संपेपर्यंत.

महिन्याभरानं कॉलेजचा कागद आला. तो शंकररावांनी वाचला.

"किती जगशीन ते काही लिहेल नाही बे. एवढंच लिहेल हाय, एकेक प्रश्न यायले चाळीस चाळीस वेळा ऐकवा लागते. कानाची तपासणी तातडीनं करून घ्यावी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी शंकरराव भिंतीपलीकडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "बहिऱ्या, जेवला का बे?"

गुलाबराव पहिल्या हाकेला ओ देत नाहीत.