फुटलं कोण?

मास्तरांनी पक्षाचा इतिहास लिहून संपवला, तेव्हा पक्षात दोनच माणसं उरली होती. सरचिटणीस म्हणून स्वतः मास्तर आणि केंद्रीय समिती म्हणून त्यांचा मेहुणा, टेलर. तीन फुटी, दोन शुद्धीकरणं आणि एक न्यूमोनिया यांतून एवढेच वाचले होते. चार वाजता छापखानेवाला हस्तलिखित न्यायला येणार होता. त्याआधी ते बहुमताने मंजूर व्हायला हवं, नाहीतर पुस्तकावर पक्षाचं नाव घालता येत नव्हतं. मास्तर पंच्याहत्तरीचे. हे पुस्तक निघालं नाही तर आपण जन्मभर काय केलं याला पुरावाच नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

टेलर पहिल्याच ओळीवर अडला.

"कॉम्रेड, 'आम्ही मूळ पक्षातून फुटलो'? फुटले ते! आपण होतो तिथेच होतो."

"अहो, ते चारशे होते. आपण अकरा."

"असू दे. माझं मत विरोधात."

एक विरुद्ध एक. साडेतीन वाजले. मास्तरांनी अक्षरशः हात जोडले, पण टेलर हलेना. तिसरी फूट त्यानेच एका स्वल्पविरामावरून पाडली होती.

शेवटी मास्तर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, जरा मत द्यायला ये!"

बायको हात पुसत आली. चाळीस वर्षं प्रत्येक बैठकीचा चहा तिचाच. "माझं मत चालेल?"

"न चालायला काय झालं? लग्नाआधी तुझं सभासदकार्ड मीच नव्हतं का भरलं?"

"ते मूळ पक्षाचं. पुढे तुम्ही कुठेकुठे गेलात, मला कोणी सांगितलंच नाही. मी आपली चहा टाकत होते. राजीनामा काही दिला नाही बाई."

टेलर ताडकन उठला. "म्हणजे ताई, तू अजून त्यांच्यात?"

"त्यांच्यात कुणाच्यात? शेवटचे ते वकील गेल्या महिन्यात वारले. आता मी एकटीच."

मास्तर मटकन खाली बसले. दोनशे बारा पानं ज्या शत्रूला झोडपलं, तो त्यांना रोज दोन वेळा वाढत होता. "संपलं सगळं," ते म्हणाले आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं.

तिला दया आली. "रडता काय असे? दोघं अर्ज लिहा. तुम्हाला पक्षात घेते, इतिहासही मंजूर करते. झालं?"

मास्तरांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'आम्ही पक्षात परत येत आहोत.' सही करून तो टेलरपुढे सरकवला. चाराला पाच मिनिटं कमी होती. टेलरने चष्मा लावला.

"'परत' कसं?" तो म्हणाला. "आपण गेलो कुठे होतो?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. बेल वाजली तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. तिनेच दार उघडलं.

"न्यायचं काही नाहीये हो," ती छापखानेवाल्याला म्हणाली. "आलाच आहात तर चहा तेवढा घेऊन जा."