फादर क्विरिन यांचं बाराशे वर्षांपूर्वीचं प्रवचन

संगणकाने निकाल दिला आणि वालबुर्गाबाईंच्या हातातला प्रेट्झेल हातातच राहिला. एका निनावी लॅटिन प्रवचनाचा कर्ता शोधण्यात त्यांची नऊ वर्षं गेली होती. आठव्या शतकातले मठाधिपती हाडुमार यांनीच ते लिहिलं, असं त्या छातीठोकपणे सांगत. शैली ताडून पाहणाऱ्या संगणकाचं मत मात्र वेगळं पडलं: लेखक फादर क्विरिन, शहाण्णव टक्के.

फादर क्विरिन शेजारच्या गावच्या चर्चमध्ये होते आणि चांगले ठणठणीत होते. चर्चच्या वर्धापनदिनासाठी लिहिलेलं लॅटिन प्रवचन त्यांनी बाईंकडे व्याकरण तपासायला पाठवलं होतं. बाईंनी ते न वाचताच, संगणक ज्यांच्याशी शैली ताडून पाहायचा त्या जुन्या मजकुरांच्या फोल्डरमध्ये टाकून दिलं होतं.

"लुडगर, निकाल कुणाला पाठवला नाहीस ना?"

"पाठवला की!" त्यांचा सहकारी खुशीत म्हणाला. "आपल्या लॅटिन परिषदेला येणाऱ्या चाळीसही अभ्यासकांना. तुम्हीच म्हणालात, आला की लगेच धाडून दे."

"अरे, वाचायचा तरी!"

तासाभरात व्हिएन्नाहून उत्तर आलं: "लेखकमहाशयांना नमस्कार. तब्येत कशी आहे तेही कळवा."

बाईंनी सायकल काढली ती थेट फादरांच्या परसात. फादर मुळे उपटत होते.

"फादर, तुमचं प्रवचन आणि माझं ते जुनं प्रवचन..."

"कळलं ना शेवटी?" फादर मटकन बाकावर बसले. "बाई, बिशपना सांगू नका हो! मला कुठलं एवढं लॅटिन येतंय? कपाटात एक जुनं बाड होतं, त्यातनं उतरवलं. चार शब्द इकडचे तिकडे केले, एवढंच."

"कुठलं बाड?"

फादरांनी मान खाली घालून ते आणून दिलं. चारशे वर्षांपूर्वी कुणा साधूने केलेली नक्कल होती ती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: मठाधिपती हाडुमार यांचं प्रवचन, त्यांच्या हातच्या प्रतीवरून उतरवलेलं.

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. मातीने माखलेले फादरांचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "फादर, काय सुरेख चोरी केलीत हो!"

परिषदेत बाडाचे शोधक म्हणून फादरांना पहिल्या रांगेत बसवलं. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी आदराने विचारलं, "हे तुम्हाला साधलं कसं?"

फादर खाकरले. "आपला एक नियम आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "काही लिहायचं झालं की मी सरळ मूळ ग्रंथाकडेच जातो."