पंगतीला बसवलेलं ज्ञान

एका जंगलात, बाळांनो, ज्ञान कुठेही पडलेलं असायचं. मध कुठे लागला आहे ते अस्वलाला ठाऊक होतं. पोटदुखीवर कोणतं पान चालतं ते माकडिणीला ठाऊक होतं. ज्याला जे हवं असे, तो ज्याला ठाऊक असे त्याच्याकडे जाऊन विचारी. उत्तर मिळे, वर दोन शिव्याही मिळत. असं त्यांचं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं राजाला कसं पाहवेल?

सिंहमहाराज एकदा व्याह्यांच्या जंगलात जेवायला गेले. जेवण झाल्यावर व्याह्यांनी बडीशेप पुढे करत सहज विचारलं, "तुमच्याकडे अजून ज्ञानवृक्ष नाही?"

महाराजांना बडीशेप कडू लागली. परत आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला. जंगलातलं सगळं ज्ञान एका ठिकाणी आणा आणि नीट लावून ठेवा.

हे काम धनेशपंतांकडे आलं. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते, त्यामुळे त्याने तोंड उघडण्याआधीच समोरचा मान डोलावतो. पंत आजवर जंगलातल्या लग्नांत पंगती बसवत आले होते. कोणाचा पाट कुठे, कोणाच्या शेजारी कोण, वरणभात आधी कोणाला, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी ज्ञानही तसंच बसवलं.

नदीपासून जरा वर एक थोरला वड होता. त्याच्या प्रत्येक फांदीवर पंतांनी एक राघू नेमला. ज्याने त्याने येऊन आपलं ज्ञान राघूला सांगायचं, राघूने ते पाठ करायचं. सिंहाने सांगितलेलं सगळं शेंड्यावर. त्याखाली वाघाचं, मग हत्तीचं. असं करत करत जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचं ज्ञान अगदी खालच्या फांदीवर आलं, जिथे रानडुकरं पाठ घासत.

"पंत, ज्ञान कशाबद्दल आहे ते नाही का बघायचं?" एका सशाने विचारलं.

"कशाबद्दल आहे ते कोणीही बघेल," पंत म्हणाले. "कोणाचं आहे ते बघायला अक्कल लागते."

आपली गोष्ट मात्र एका टिटवीची आहे. टिटवी नदीकाठी उघड्या जमिनीवर अंडी घालते. झाड नाही, घरटं नाही, चार खडे इकडेतिकडे सारले की झालं बाळंतपण. त्यामुळे यंदा नदी कुठवर चढणार हे तिला आधी कळावं लागतं. या टिटवीला ते कळायचं. आईने शिकवलं होतं. तीही हुकमाप्रमाणे वडाखाली गेली आणि सगळं राघूला सांगून आली. राघूने घडाघडा म्हणून दाखवलं. टिटवीला धन्य वाटलं.

"आता हे विसरा," पंत म्हणाले.

"विसरू?"

"इथे जमा केलेलं पुन्हा घरी ठेवायचं नाही. एकच ज्ञान दोन ठिकाणी असलं की घोळ होतो."

टिटवी बिचारी सरळमार्गी. आठवण येऊ लागली की ती मोठ्याने ओरडायची, म्हणजे आठवण दचकून पळून जायची. पुढचा वैशाख येईपर्यंत ती सगळं स्वच्छ विसरली.

वैशाख आला. पोटात अंडी तयार झाली आणि डोक्यात काही नाही. कोणाच्या तरी मागून जायचं असतं, एवढंच तिला आठवत होतं. पण कोणाच्या? ती गव्याच्या मागून गेली. गवा चिखलात जाऊन बसला. ती खेकड्याच्या मागून गेली. खेकडा बिळात शिरला आणि आतून म्हणाला, "काही काम होतं का?"

"अगं, तुझंच आहे ना ते? जाऊन विचार की सरळ," टिटवा म्हणाला. नवरे देतात तसा सल्ला, बसल्या बसल्या.

टिटवी वडाखाली गेली. बघते तर खालची फांदी रिकामी! तिच्या राघूने वशिला लावून हत्तीच्या फांदीवर बदली करून घेतली होती.

"पंत, यंदा पूर कुठवर येईल?"

"कोणाच्या मते?" पंतांनी विचारलं.

"कोणाच्याही मते सांगा हो, मी अडचणीत आहे."

पंतांनी वर चोच केली. शेंड्यावरचा राघू म्हणाला, "पूर आमच्या परवानगीने येतो." हत्तीचा राघू म्हणाला, "पूर गुडघ्याएवढा येतो." माकडांचा राघू म्हणाला, "पूर झाडाखालून जातो, गंमत वाटते."

"पण माझ्या मते कुठवर येतो?" टिटवी ओरडली. तेवढ्यात तिला तिचा राघू दिसला. "अरे राघोबा, तू तरी सांग!"

राघूने मान फिरवली. "टिटवीबाई, मी आता हत्तीच्या फांदीवर असतो. इथे बसून खालच्या फांदीचं बोललेलं बरं दिसत नाही."

"अरे, पण ते माझं आहे!"

"म्हणूनच म्हणतो."

टिटवीला रडू आलं. तिचं स्वतःचं शहाणपण वरच्या फांदीवर बसलं होतं आणि तिला ओळख देत नव्हतं. पण अंड्यांना या गोष्टी समजत नाहीत. त्यांची वेळ झाली होती. ती तिथेच वडाच्या अंगणात बसली आणि तिने अंडी घातली.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. नदी अंगणाच्या कडेला पाय धुऊन परत गेली आणि चारही पिल्लं सुखरूप निघाली. हे निव्वळ नशीब होतं, बाळांनो. पण नशिबाला पंतांनी फांदीच दिली नव्हती. त्यांनी जाहीर केलं की ज्ञानवृक्षाने अंडी वाचवली. टिटवीचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला.

"दोन शब्द बोला," पंत म्हणाले.

खरं काय ते सांगायला टिटवीने चोच उघडली. पण शाल उबदार होती. शिवाय महाराज तिच्याकडे एकटक बघत होते, आणि ते कौतुकाने की भुकेने हे कळत नव्हतं. "सगळी वृक्षाची कृपा," ती म्हणाली.

मग काय, तिला हत्तीच्या फांदीवर जागा मिळाली. टिटवीला खरं तर फांदी पकडता येत नाही, तिचे पाय तसे नसतात. पण मान मिळाल्यावर पायांचं कोण ऐकतो? ती तोल सावरत कशीबशी बसली. शेजारचा राघू लगेच सरकून जवळ आला.

"आता आपण बरोबरीचे," तो म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही." आणि त्याने घडाघडा म्हणायला सुरुवात केली. "वैशाखात मुंग्या अंडी घेऊन वर चढतात, त्यांच्या मागून जा. त्या थांबतील त्याच्याही वर तू थांब. आणि वाटेत किडे टिपत बसू नकोस, भवाने!"

शेवटचं वाक्य टिटवीच्या आईचं होतं. तेसुद्धा ती राघूला देऊन विसरून गेली होती. ते ऐकून तिला आईची इतकी आठवण आली की ती फांदीवरून पडता पडता वाचली.

पुढच्या वैशाखात जमिनीवर अंडी घालणारे यच्चयावत पक्षी वडाच्या अंगणात जमले. तितर आले, लावे आले, चंडोल आले. ज्ञानवृक्षाखाली अंडी वाचतात हे आता सर्वमान्य ज्ञान होतं. पंत पंगत बसवत होते. खोडाजवळचा मान तितराचा की लाव्याचा यावर वाद पेटला होता, म्हणून अजून कोणी बसलं नव्हतं.

टिटवीने वरून पाहिलं. अंगणातून मुंग्या चालल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडात अंडं. अंगणात एकही थांबत नव्हती. रांग वडाला वळसा घालून थेट टेकडीवर चढत होती.

टिटवीने शालीसकट खाली उडी मारली. ती नदीच्या बाजूला उभी राहिली आणि जीव तोडून ओरडली, "उठा! वर चला! टेकडीवर चला! नदी येतेय!"

"टिटवीबाई, हे कोणत्या फांदीवरून बोलताय?" पंतांनी विचारलं.

"खाली उभी राहून बोलतेय, दिसत नाही?"

"मग हे ज्ञान नव्हे."

"नसू दे! उठा आधी!"

पंत पेचात पडले. ज्ञान नाही म्हणावं, तर हे ठेवायचं कुठे? काहीही न लावता तसंच पडू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. टिटवीचा घसा फाटत चालला होता. पंतांनी चोच खाजवली. "ऐन शुभकार्यात इतकं कर्कश ओरडणं," ते शेवटी म्हणाले, "हा अपशकुन आहे."

एवढं ऐकलं मात्र, अंगण रिकामं झालं! ज्ञान म्हटलं असतं तर चर्चा झाली असती, तितराने पुरावा मागितला असता. अपशकुनाला पुरावा कोण मागतो? तितर मान विसरला, लावा पान विसरला, आणि सगळे टिटवीकडे पाठ करून जे पळत सुटले ते टेकडीच्या माथ्यावर जाऊनच थांबले. अंडी त्यांनी तिथेच घातली.

पुढे पाऊस लागला आणि नदी अंगणातून हत्तीच्या फांदीपर्यंत चढली. राघू घाबरून जंगलभर उडाले. आता सिंहाचं ज्ञान बोरीवरून ऐकू येतं आणि उंदराचं सागावरून. पंत अजून त्यांना गोळा करत हिंडताहेत.

टिटवीचे आभार कोणी मानले नाहीत. शाल परत घेतली. ती समोरून आली की तितर रस्ता बदलतो. तिला याचं फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मुंग्यांच्या मागून जाऊन टेकडीवर घातलेली तिची चार अंडी कोरडी होती. त्यांतून पिल्लं निघाल्यावर तिने त्यांना मुंग्यांची गोष्ट सांगितली आणि ती विसरायची नाही अशी तंबी दिली. आजही टिटवी ओरडली की माणसं अपशकुन झाला म्हणून घाईघाईने देवाला हात जोडतात. पायाखालच्या मुंग्यांकडे कोणी बघत नाही.

तात्पर्य : ज्ञान नेहमी नीट लावून, मानाच्या जागी ठेवावं. तिथे ते सुरक्षित राहतं, कारण कोणी त्याला हात लावत नाही. मात्र एखादं ज्ञान लोकांच्या खरोखर उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर ते चुकून अपशकुनांत टाकून द्यावं.