सव्वाआठचं ऊन

हिवाळ्यात आमच्या गल्लीला घड्याळ लागत नाही. नाना खुर्ची घेऊन कुठे बसलेत ते बघितलं की किती वाजले ते कळतं. पावणेआठला थोडा वेळ आमच्या ओट्यावर, मग तासभर कुठेतरी गायब, साडेनऊला पिठाच्या गिरणीच्या भिंतीला, अकराला मारुतीच्या देवळामागे आणि तीनला बाजारतळाच्या कडेला. लोखंडी घडीची खुर्ची काखेत मारायची, लंगडत लंगडत ऊन गाठायचं आणि "आई गं" म्हणून त्यात बसायचं. ऊन सरकलं की खुर्ची सरकते. आमचं राजूर डोंगरात, त्यामुळे सूर्य उशिरा येतो आणि संध्याकाळी घाईने निघून जातो. मधे जेवढा म्हणून मिळतो तेवढा नानांनी वेळापत्रकात बसवलेला आहे.

नाना मोजणी खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी साखळीचं टोक धरून लोकांच्या बांधावर काढली, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना कशावर बसताही येत नाही. आमच्या ओट्यावर ऊन कुठवर येतं ते ते दर आठवड्याला खडूने आखतात. रेघ मारून झाली की खडू खिशात टाकतात आणि म्हणतात, "हद्द कायम!" माझी बायको ती रेघ पुसते. नाना पुन्हा मारतात. एकदा ती चिडून म्हणाली, "नाना, ओटा आमचा आहे." तर नाना म्हणाले, "ओटा तुमचा हाय, वहिनी. उन्हाचा सातबारा कुनाच्या नावावर न्हाई."

आता माझ्याविषयी. मी इथल्या शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे सगळं गाव मला भाऊसाहेब म्हणतं. चार वर्षांपासून मला आमवात आहे. चालून चालून गुडघे झिजतात तो साधा प्रकार नव्हे. माझा आमवात रक्त तपासून सिद्ध झालेला आहे. "शरीरातले रखवालदारच तुमच्या सांध्यांवर चालून जातात," असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला. माझ्यावर कोणी चालून यावं इतकं महत्त्व मला आजवर कधी मिळालं नव्हतं.

थंडी पडली की माझी मूठ सकाळी तासभर मिटत नाही. शर्टाची बटणं बायको लावते. टूथपेस्ट मी दोन कोपरांमध्ये धरून दाबतो आणि ती नेमकी आरशावर जाते. डॉक्टर म्हणाले होते, "थंडीने आजार वाढतोच असं नाही, पण दुखणं आणि आखडणं जास्त जाणवतं." यातला दुसरा भाग तेवढा मी गावाला सांगतो. शाळेत तर मी हजेरीपुस्तकावर सही दुपारी करतो आणि कोणी विचारलं की पंधरा मिनिटं कारण समजावून सांगतो. आता कोणी विचारत नाही.

एकटे नाना विचारायचे. आमच्या ओट्यावर बसले की माझी उलटतपासणी सुरू. "भाऊसाहेब, आज मूठ मिटाया किती टाईम लागला?"

"तास, सव्वा तास."

"गोळी जेवनाआधी का मागनं? सूज आधी कंच्या बोटाला येती? मधल्या का करंगळीला? शेकाया वाळू बरी का मीठ?"

मी खुशीत येऊन व्याख्यान द्यायचो आणि नाना जुन्या मोजणीच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहून घ्यायचे. दर दोन महिन्यांनी ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सोबत घेऊन नगरला माझ्याच डॉक्टरांकडे जायचे. "माझा गुडघा दावाया," म्हणायचे. माणसाचा गुडघा दुखतो आणि तो सगळे प्रश्न बोटांचे विचारतो, हे माझ्यासारख्या मोठ्या जाणकाराच्या कधी ध्यानात आलं नाही.

बायकोच्या ध्यानात मात्र दुसरंच आलं. "अहो, नाना सोमवारी डाव्या पायाने लंगडत होते. आज उजव्या."

"आमवात फिरता असतो," मी तिला विद्वत्तापूर्ण आवाजात समजावलं. "आज इथे, उद्या तिथे."

"बाजाराच्या दिवशी घाईत असले की कुठेच नसतो," ती म्हणाली. मी तिला अडाणी ठरवून मोकळा झालो.

नानांबद्दल गावात एकच तक्रार होती. त्यांच्या घरी दोन वर्षांत कोणी चहा प्यायलेलं नव्हतं. कोणी घराकडे निघालं की नाना रस्त्यातच खुर्ची टाकून त्याला अडवायचे आणि तिथेच गप्पा मारून परत पाठवायचे. लोक त्यांना चिक्कू म्हणायला लागले. त्यात काकूंनीही बाहेर पडणं सोडलं. आमच्या सप्त्याला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो आणि काकूंची बाजरीची भाकरी म्हणजे पंगतीतली माणसं ओळखून मागून घ्यायची. बायका थापायला बसल्या की मधली जागा काकूंची. दोन वर्षं ती जागा रिकामी होती. बोलवायला गेलेल्या बायकांना नानांनी वाटेतच सांगितलं, "माझं दुखनं लई वाढलंय. तिला घर सोडता येत न्हाई." बायका नानांच्या नावाने बोटं मोडत परत आल्या.

अशात आमच्या खोलीचा विषय निघाला. मुलगा सुप्याला कारखान्यात आहे, त्याचं लग्न ठरत होतं. गच्चीवर एक खोली काढायची असं आम्ही ठरवलं. नानांचं घर आमच्या बरोबर मागे, पश्चिमेला. खोली दक्षिणेच्या अंगाला येणार होती. त्यामुळे त्यांच्या ओट्यावरचं सकाळचं ऊन अडणार, हे मला नानांनीच येऊन सांगितलं. टेप घेऊन आले होते.

"सव्वाआठला आमच्या वट्यावर ऊन येतं. तुमची खोली झाली तर पौषात धा वाजंपत्तुर येनार न्हाई."

मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी नानांनी मला रीतसर हरकत अर्ज आणून दिला. खाली सही, अंगठा, आणि सोबत सांज-सकाळच्या सावल्यांचा नकाशा. एवढंच नव्हे, अर्ज मिळाल्याची पोच म्हणून माझी सहीही मागितली. सकाळची वेळ होती, माझ्या बोटांत पेन धरवत नव्हता. त्या रागात मी बोलून गेलो, "नाना, तुम्ही दिवसभर अख्ख्या गावाच्या उन्हात बसता! स्वतःच्या ओट्यावर तर तुम्ही कधी दिसतही नाही. तिथल्या उन्हाचं काय लोणचं घालायचंय?"

नानांनी अर्ज माझ्या हातातून परत घेतला. कागदाची घडी केली आणि गेले. जाताना ते लंगडायचं विसरले होते, हे मला फार उशिरा आठवलं.

रविवारी गवंडी आखणी करायला येणार होता. त्याच्या आधी आपणच जागा बघावी म्हणून सकाळी मी गच्चीवर निघालो. कडाक्याची थंडी होती. दोन्ही तळवे कठड्यावर नुसते टेकवत, एकेका पायरीवर दम घेत मी वर पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. सहज मागच्या अंगाला वाकून बघितलं.

नानांच्या ओट्यावर ऊन नुकतंच उतरलं होतं आणि त्या उन्हात पोत्यावर काकू बसल्या होत्या. हात मांडीवर उताणे ठेवलेले. बोटं सुजलेली, एका बाजूला वळलेली. माझ्या बोटांपेक्षा कितीतरी वाईट. आणि त्यांच्यासमोर नाना उकिडवे बसले होते. ज्याचे गुडघे खरोखर दुखतात तो तसा बसूच शकत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. गरम वाळूची पुरचुंडी घेऊन ते एकेक बोट शेकत होते. "करंगळी झाली. आता हे. ताठ करू नको, त्याच्या कलानं जाऊ दे."

"बास झालं. कोन येईल," काकू म्हणाल्या.

"येऊ दे की."

"न्हाई. परत नको त्ये चुकचुकनं. म्हनत्याल, आता हिच्या हातनं काय हुनार."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून कोणीतरी "नाना!" म्हणून हाक मारली. काकूंनी हात झटकन पदराखाली घेतले. नाना उडी मारून उठले, ओट्यावरून थेट खाली उतरले, कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताक्षणी लंगडायला लागले. त्या दिवशी उजवा पाय होता.

मी गच्चीवर तसाच उभा राहिलो. मला स्वतःची फार लाज वाटली. माझं दुखणं मी चार वर्षं गावभर मिरवलं होतं. या माणसाने बायकोचं दुखणं झाकायला ते स्वतःच्या पायात घालून घेतलं होतं आणि वर चिक्कू म्हणवून घेतलं होतं. मी त्यांना लोणच्याचं विचारलं होतं.

गवंडी आला तेव्हा नाना खुर्ची घेऊन आमच्या ओट्याशी उभे होते. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "खोली उत्तरेच्या कोपऱ्यात घ्या. दक्षिणेकडचा स्लॅब कच्चा आहे असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्या कवा म्हनलो?" गवंडी म्हणाला. "चांगला मजबूत हाय की!"

खोटं बोलण्याची कला मला नानांकडून शिकायला हवी होती. मी गवंड्याला दंडाला धरून जिन्याकडे ढकललं. नानांनी मान वर करून गच्चीचा दक्षिणेचा कोपरा बघून घेतला. मग खिशातून खडू काढला, पण रेघ मारली नाही. "हद्द कायम," एवढंच हळू आवाजात म्हणाले.

परवा सकाळी पावणेआठला ते नेहमीप्रमाणे आले. लंगडत, "आई गं" म्हणत. मी शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या आधी मी विचारलं, "नाना, काल मूठ मिटायला किती वेळ लागला?"

नानांनी खुर्ची जरा माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "पाऊन तास. आदुगर दीड लागायचा." थोड्या वेळाने आपणहून पुढे बोलले, "अन् दोन भाकरी थापल्या, भाऊसाहेब. लई दिसांनी. कडा जरा फाटल्या, पन फुगल्या."

नानांनी जन्मात कधी पिठाला हात लावलेला नाही, हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत आहे.

"पीठ कोमट पाण्यात मळायचं, नाना," मी म्हणालो. "बोटांना बरं पडतं."

"सांगतो," नाना म्हणाले, आणि आपला धडधाकट गुडघा चोळत बसले.