यंत्रांची विचारपूस

मोजता येणारी गोष्ट वाढत असेल तर तिला प्रगती म्हणतात, आणि ती कशामुळे वाढते आहे असं विचारणाऱ्याला नकारात्मक माणूस म्हणतात. हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात असा एकच नकारात्मक माणूस होता. खात्याचं संकेतस्थळ ज्या भाड्याच्या यंत्रांवर चालायचं, ती तो सांभाळायचा. ही यंत्रं डोळ्यांना दिसत नाहीत, हात लावू म्हटलं तर सापडत नाहीत आणि त्या सगळ्या कारभाराला क्लाउड म्हणतात. म्हणून खात्यातले लोक त्याला ढगोबा म्हणत.

ढगोबाने लावलेली व्यवस्था साधी होती. यंत्रं कमीत कमी दोन. गर्दीने ती दमली की तिसरं आपोआप यायचं, गर्दी ओसरली की आपोआप जायचं. एक पहारेकरी प्रोग्राम अधूनमधून प्रत्येक यंत्राला ‘बरं आहे ना?’ असं विचारायचा. उत्तर आलं नाही की ते यंत्र काढून त्याच्या जागी नवं. संकेतस्थळावर दिवसाला सरासरी अकरा माणसं येत (पैकी सात छत्रीवाली), त्यामुळे तिसरं यंत्र कधी आलंच नव्हतं. ढगोबाला डबा खाऊन जरा टेकायलाही मिळायचं.

साहेबांना हे बघवेना. (डुलकी नव्हे, भिंतीवरच्या गर्दीच्या आलेखातली सपाट रेघ.) साहेब मनाने हळवे. यंत्रांनी शेजारी शेजारी राहून एकमेकांशी अवाक्षर बोलू नये, हे त्यांना माणुसकीला धरून वाटेना. त्यांनी आदेश काढला: यापुढे प्रत्येक यंत्राने इतर प्रत्येक यंत्राची क्षणोक्षणी विचारपूस करावी, आणि ती सविस्तर असावी. स्मरणशक्ती ठीक आहे ना, पंखा फिरतोय ना, कुणाचं बोलणं मनाला लावून घेतलं नाही ना. (या यंत्रांना पंखा नसतो, पण विचारायला काय जातं?) शिवाय ‘जास्तीत जास्त यंत्रं’ या रकान्यातला आकडा पुसून टाकावा, कारण प्रगतीला कुंपण घालणं खात्याच्या धोरणात बसत नाही.

दोन्ही यंत्रं विचारून विचारून दमली, म्हणून तिसरं आलं. नवखं म्हणून त्याची जास्तच चौकशी झाली, म्हणून चौथं आलं. दोघांत दोन चौकशा होतात, दहांत नव्वद, शंभरांत नऊ हजार नऊशे. उत्तरं देता देता ज्यांना धाप लागली ती आजारी ठरून गेली, आणि त्यांच्या जागी ताज्या दमाची आली. आलेखाची रेघ भिंतीवरच्या पडद्यातून वर निघून गेली, तेव्हा साहेबांनी त्याच्यावर दुसरा पडदा लावून घेतला आणि शुक्रवारी संध्याकाळी संचालक मंडळाला तो बघायला बोलावलं.

नेमकी त्याच आठवड्यात ढगोबाच्या आत्याची कवळी बसमध्ये राहिली. ढगोबाला लहानाचं मोठं करणारी हीच आत्या. कवळी खात्याच्या खिडकीपर्यंत सुखरूप पोहोचली होती, पण संकेतस्थळावर अर्ज केल्याशिवाय वस्तू परत मिळत नाही. मग अर्जदाराने खिडकीशी तोंड उघडून रिक्त जागा दाखवल्या तरी. आणि बेवारस कवळ्या शुक्रवारी संध्याकाळी चुरा करायच्या यंत्रात जातात.

शुक्रवारी दुपारी आत्याचा फोन आला. “अरे, तुझं ते म्हणतंय, तुम्ही रांगेत आहात. सकाळपासून आहे मी.”

“पुढे कितीजण आहेत?”

“चार हजार. एवढ्या लोकांच्या कवळ्या हरवल्या?”

“माणसं नाहीत गं ती. यंत्रं आहेत. एकमेकांना बरं आहे ना म्हणून विचारतायत.”

“मलाही विचारा म्हणावं एकदा.”

ढगोबा साहेबांकडे गेला. “साहेब, विचारपूस थोडा वेळ थांबवू?”

“थांबव की,” साहेब म्हणाले. “रेघ पडली की मंडळ विचारेल, गर्दी कुठे गेली. मी तुझ्याकडे बोट दाखवीन. नंतर गैरसमज नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो.”

एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला कवळी. ढगोबाने विचारपूस बंद केली. हजारो यंत्रं मुकाट्याने निघून गेली, दोन उरली, आणि आत्याचा अर्ज चुटकीसरशी मंजूर झाला. कवळी चुऱ्याच्या यंत्रासमोरून परत आली. त्याच वेळी दार उघडून मंडळ आत आलं, रेघ जमिनीवर आली आणि साहेबांचं बोट वर गेलं.

“सुधारणा करतोय,” ढगोबा घाईघाईने म्हणाला. त्याच्या कानात अजून आत्याच होती. “यापुढे यंत्रं एकमेकांना नाही विचारणार. येणाऱ्या माणसांना विचारतील.”

“काय विचारतील?”

“माणूस आहात ना, असं.”

त्यासाठी त्याने तिथल्या तिथे नऊ छोटी चित्रं मांडून दाखवली. ज्यांत मोटारसायकल आहे ती निवडा. निवडली की आणखी नऊ. बोटाच्या टिचकीगणिक गर्दी मोजली जाणार, यंत्रं येणार, रेघ चढणार. मंडळाला योजना पसंत पडली. फक्त एका सदस्याला शंका होती की, कोण सांगतंय, कशासाठी, हे न विचारता शहाणीसुरती माणसं कामं सोडून असलं काही करत बसतील का.

ढगोबाला शंका नव्हती. त्याला तुम्ही ठाऊक होतात. गेल्याच आठवड्यात तुम्ही तीनदा मोटारसायकली ओळखून दिल्यात, एकदा आरशाचं टोक असलेला चौकोन सोडलात म्हणून चुकलात, आणि चुकल्यावर आपण खरंच माणूस आहोत ना, अशी क्षणभर तुम्हालाच शंका आली.