अस्सल बरहुकूम नक्कल

पेनड्राईव्हची कॉपी काढली म्हणून तिच्यावर दोघांच्या सह्या घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. त्यातली दुसरी सही माझीच असते.

गारखेड्यातल्या एका दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. माझ्या पाठीमागच्या खोलीत निकाळजे बसतात. कॉम्प्युटर अडला की त्यांना हाक मारायची. त्यांचे वडील तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, त्यामुळं कचेरीची भाषा यांच्या अंगात मुरलेली. फाईलला दफ्तर म्हणतात. बॅकअप म्हटलं की तोंड वाकडं करतात. "नक्कल म्हना ताई. बॅकअप काय, कुनीबी घेतं."

नक्कल झाली की तिला सुतळीनं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर लिहायचं, 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणं खरी प्रत. खाली 'नक्कल करणार' म्हणून त्यांची सही आणि 'रुजवात घेणार' म्हणून माझी. रुजवात म्हणजे दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर ताडून पाहणं. सातबाऱ्याला लागते हे ऐकून होते. बोटाएवढ्या पेनड्राईव्हलाही लागते, हे निकाळज्यांमुळं कळलं.

त्यांच्या खोलीत एक सर्व्हर आहे. एकदा माझी मती फिरली आणि मी विचारलं, "या एका डब्यात चार कॉम्प्युटर कसे मावतात हो?" चहा गार होईस्तोवर ऐकावं लागलं.

"पडेगावला माझं घर हाय ना, चार भाडेकरूवालं? तसंच हे. घर एक, चुली चार. एक भाडेकरू औषधांचा, एक बिलांचा, एक तपासण्यांचा, एक डायलिसिसच्या नंबरांचा. कुनी कुनाच्या चुलीत डोकवत नाय. आन् मागं खोचलेली ही पेनड्राईव्ह म्हंजी दाराची किल्ली, हिच्यावरूनच डबा चालू व्हतो. सकाळी दार उघडल्यावर दिवसभर किल्लीकडं कुनी बघतं का? ती गंजून गेली तरी पत्ता लागत नाय. पुन्हा दार लावलं की मंग बोंबला."

आमचं दार साडेतीन वर्षं उघडंच होतं, सर्व्हर एकदाही बंद केला नव्हता.

आणि तो टँकरचा उन्हाळा आला. शहर चहूकडं फुगलेलं, काल ज्वारी होती तिथं आज अपार्टमेंट, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. डायलिसिसला पाणी बदाबदा लागतं. टँकर पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाची एक पाळी बंद केली आणि सगळे नंबर अगदी ठासून बसवले. खेड्यापाड्यांतले पेशंट पहाटेच्या एसटीनं यायचे. यादीत गडबड झाली तर त्यांनी जायचं कुठं? त्यात वीजवाल्यांची सूचना आली, रविवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट बंद. म्हणजे सर्व्हर बंद करावा लागणार, आणि सोमवारी सकाळी सातला पहिला नंबर.

निकाळज्यांनी शुक्रवारी किल्ली काढून तपासली आणि मटकन खुर्चीत बसले. "ताई, गंजली. वाचताना अडखळती. रविवारी दार लावलं तर ही काय उघडनार नाय."

दफ्तरांच्या नकला होत्या, किल्लीचीच कधी काढली नव्हती. मग नकलेची धांदल. सोळा जीबीच्या जुन्या पेनड्राईव्हची नक्कल सोळाच्याच नवीत मावेना. "मापात पाप! वर सोळा छापलंय, आत कनभर कमी." शेवटी बत्तीसची आणली. बटण दाबण्याआधी त्यांनी मला तीनदा विचारलं, "कुठून कुठं?" मी तीनदा सांगितलं, "अस्सलातून नकलेत." उलटं झालं असतं तर कोरी पेनड्राईव्ह भरलेलीवर उतरून सगळंच पुसलं गेलं असतं. अस्सल दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा पूर्ण वाचली गेली. मग रुजवात. आतलं एक अक्षर हललं तरी बदलते अशी चौसष्ट अक्षरांची एक खूण कॉम्प्युटर प्रत्येक प्रतीची काढतो; ती त्यांनी एका पडद्यावरून मोठ्यानं वाचायची आणि मी दुसऱ्यावर बोट ठेवून "व्हय" म्हणायचं. खिडकीबाहेरच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "बाईला कसली शपथ देऊ लागले?"

रविवारी लाईट येईपर्यंत बारा वाजले. रुजवात घेणारी म्हणून मलाही बोलावलेलं. निकाळज्यांनी सर्व्हर चालू केला. काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी वाकून मागं पाहिलं, तर दोन पेनड्राईव्ह खोचलेल्या.

"अहो, ही जुनी कशाला ठेवलीत?"

"नक्कल हजर करायची तर अस्सल सोबत लागतं ना ताई. कचेरीत तसंच असतंय."

"ही कचेरी आहे का? एका कुलपाला दोन किल्ल्या लावता का तुम्ही एकदम?"

त्यांनी जीभ चावली. गंजकी बाहेर काढली, पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला. औषधं उठली, बिलं उठली, तपासण्या उठल्या, नंबरही उठले. सोमवारची यादी जशीच्या तशी. मी पर्स उचलली.

"थांबा ताई, एक राह्यलं."

"चारच ना भाडेकरू?"

"पाचवा बी हाय. लई ल्हान. जागा खात नाय."

त्यांनी उघडलं ते दवाखान्यानं केव्हाच मोडीत काढलेलं, नंबरांचं जुनं सॉफ्टवेअर. त्यात एकच ओळ होती. गयाबाई निकाळजे, देवगाव रंगारी, मंगळवार-शुक्रवार, नंबर पहिला.

"अक्का माझी," निकाळजे म्हणाले. "आईमागं तिनंच वाढवलं मला. सर्व्हर यायच्या आधी एकच कॉम्प्युटर होता. एका मंगळवारी तो मेला, याद्या गेल्या. नक्कल नव्हती. घाईत नव्यानं नंबर लावले, त्यात अक्का राह्यली. देवगावहून एवढ्या उन्हाची आली आन् खिडकीवरून परत गेली. मी इथंच होतो, मशीन खोलून बसलेलो. माझा भाऊ आत हाय, एवढं बी बोलली नाय ती."

"मग?"

"त्या दिवशी काय झालं नाय. पुढं दीड वर्ष जगली. पन त्याच संध्याकाळी फोनवर म्हनली, मला रत्नाच म्हनायची ती, 'रत्ना, तुझ्या डब्यात माझं नाव नव्हतं रे.' रागावून नाय, हसून म्हनली. त्याच रात्री मी तिचं नाव पहिल्या नंबरावर चढवलं. आता ह्ये नाव काढायला दोनदा बसलो. हात उठत नाय. काढलं की तिला पुन्हा परत पाठवल्यासारखं व्हतं."

त्या खिडकीवर गेली बारा वर्षं मी बसते. दुसरं कुणी कधी बसलेलं नाही. मी त्या बाईंचा चेहरा आठवायला लागले आणि तो मला आठवेना, याची मला भयंकर लाज वाटली.

"निकाळजे, खिडकीवर मी होते."

"ठावं हाय मला," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "तुमी तरी काय करनार ताई. यादीत नावच नव्हतं."

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.